पिकअप गेला? आधी ‘कधी’ ते विचारा

सदर : बॉनेट उघडून



मागच्या अंकात बॅटरीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या मेसेजपैकी एकाने या महिन्याचा विषय ठरवून टाकला. डिंडोलीत राहणाऱ्या, साधारण माझ्याच वयाच्या एका वाचकाने लिहिलं होतं, “पप्पांची १९९६ ची मारुती ८०० आहे. सीएनजी किट बसवलेलं आहे. गाडी चालू होते, जागेवर नीट चालते, पण पिकअप नाही. गॅरेजवाले म्हणतात, कार्ब्युरेटर बदला नाहीतर गाडी भंगारात काढा. मागे कडोदरा चोकडीला रस्ता ओलांडताना गाडी मध्येच दबली आणि ट्रक अगदी अंगावर येऊन थांबला. तेव्हापासून पप्पांनी नवापूरला गाडी नेणं सोडलंय. काय करावं?”

गाडी चौकात दबते तेव्हा नुसता पिकअप जात नाही, चालवणाऱ्याचा भरवसाही जातो. सुरतेतल्या आपल्या कितीतरी घरांत वडिलांची अशी एक जुनी गाडी आहे. बारडोली, व्यारा, सोनगढमार्गे नवापूर, नंदुरबार, धुळ्याच्या फेऱ्या तिने केल्या आहेत. ती उभी राहिली की वडीलही थोडे उभे राहतात. त्यामुळे ‘बदला किंवा भंगारात काढा’ हा निर्णय नीट तपासल्याशिवाय होऊ नये, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. तपासण्याची पद्धत सोपी आहे. निम्म्या तपासण्यांना तर पानासुद्धा लागत नाही.

ही गाडी वेगळी का वागते?

पहिल्या मारुती ८०० ची किल्ली १४ डिसेंबर १९८३ ला मालकाच्या हातात पडली. पुढची सोळा-सतरा वर्षं ही गाडी कार्ब्युरेटरवरच चालली. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि इंजेक्शनवाली ८०० आली. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ लागू झालेल्या १३ शहरांत तिची विक्री थांबली. त्या यादीत आपलं सुरतही होतं आणि सोलापूरही. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादनच बंद झालं.

आपल्या पिढीने बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या चालवल्या. त्यांत सेन्सर मोजतात, कॉम्प्युटर हिशोब करतो आणि काही बिघडलं तर मीटरवर दिवा लावून सांगतो. कार्ब्युरेटरमध्ये यातलं काही नाही. आत येणाऱ्या हवेला एका अरुंद गळ्यातून जावं लागतं. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या ओढीने खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकांतून वर खेचलं जातं. या भोकांना जेट म्हणतात. कॉम्प्युटर नाही, म्हणून एरर कोडही नाही. इथे लक्षण हाच एरर कोड, आणि तो आपल्यालाच वाचावा लागतो.

पहिला प्रश्न : कधी?

ऑफिसात कुणी ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ म्हणालं तर आम्ही आधी विचारतो, कधी चालत नाही, काय केल्यावर? ‘पिकअप नाही’ ही तक्रारही तशीच अर्धवट आहे. कार्ब्युरेटरमध्ये वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे रस्ते असतात. जागेवर चालताना स्लो जेट, अचानक पेडल दाबल्यावर ॲक्सिलरेटर पंप, चालत्या गाडीत मेन जेट. मारुतीच्या कार्ब्युरेटरला दोन गळे आहेत. त्यातला दुसरा पूर्ण ताकद मागितल्यावरच कामाला लागतो. म्हणून गाडी नेमकी कधी दबते यावरून कुठे बघायचं ते कळतं.

सकाळी लवकर, रस्ता रिकामा असताना गाडी बाहेर काढा. शेजारी कुणाला तरी वहीपेन्सिल देऊन बसवा आणि या प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या. थंड इंजिनवर दबते की गरम झाल्यावर? सिग्नलवरून निघताना, पेडल दाबल्याबरोबर एक क्षण मेल्यासारखी होते आणि मग उचलते का? की निघताना ठीक आणि पुढे वेगच धरत नाही? की सगळं ठीक, पण चढावर मिनिटभर पेडल दाबून ठेवलं की हळूहळू दम सोडते? आपल्या शहरात पूल आणि फ्लायओव्हर भरपूर आहेत, तेव्हा चढ शोधत लांब जायला नको.

दुसरा प्रश्न : इंजिन कमजोर आहे, की कुणी धरून ठेवलंय?

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी या चार गोष्टी बघा. खर्च शून्य.

सपाट जागेवर गिअर काढून, हँडब्रेक सोडून गाडी हाताने ढकला. ८०० ही हलकी गाडी आहे, एका माणसाने ढकलली तरी सरकायला हवी. सरकत नसेल तर कुठला तरी ब्रेक पकडतोय. पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या आणि मग महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत व्हील सिलिंडर किंवा हँडब्रेकची वायर गंजून अडकते. गाडी दहा मिनिटं चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न लावता नुसता धरून बघा. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर चोर सापडला. टायरमधली हवाही याच वेळी तपासून घ्या.

दुसरं, क्लच. चौथ्या गिअरमध्ये, तीसच्या आसपास वेग असताना पेडल जोरात दाबा. इंजिनचा आवाज चढतोय पण गाडी पुढे जात नाही, असं झालं तर क्लच स्लिप होतोय. या वेळी कार्ब्युरेटर बदलून काही उपयोग नाही.

तिसरं, ॲक्सिलरेटरची वायर. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं आणि दुसऱ्याने बॉनेटखाली बघायचं की कार्ब्युरेटरवरचा लिव्हर पूर्ण फिरतो का. वायर सैल झालेली असते, नाहीतर पेडलखाली जाडजूड मॅट सरकून आलेली असते. मग पेडल तळाला लागलं तरी कार्ब्युरेटर पूर्ण उघडत नाही.

चौथं, चोक. डॅशबोर्डवरची चोकची खुंटी आत गेली तरी वायर अडकल्यामुळे कार्ब्युरेटरच्या तोंडावरची झडप अर्धी बंद राहू शकते. अशी गाडी काळा धूर टाकते, पेट्रोल पिते आणि दबते.

दोन इंधनांची युक्ती

सीएनजी किट असलेल्या जुन्या गाडीत तपासणीचं एक उत्तम साधन मालकाच्या हाताशीच असतं, आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. ते साधन म्हणजे पेट्रोल आणि सीएनजी बदलण्याचा स्विच.

कारण सोपं आहे. पेट्रोल आणि सीएनजी यांचे रस्ते काही ठिकाणी वेगळे आहेत, काही ठिकाणी एकच. पेट्रोलची टाकी, फिल्टर, पंप, कार्ब्युरेटरची वाटी आणि जेट हे सगळं फक्त पेट्रोलचं. गॅसची टाकी, रेग्युलेटर आणि मिक्सर फक्त सीएनजीचा. एअर फिल्टर, प्लग, वायरी, टायमिंग, कॉम्प्रेशन, क्लच, ब्रेक, सायलेन्सर दोघांचे सामाईक. म्हणून तोच रस्ता, तोच गिअर, तीच माणसं घेऊन एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर चालवून बघा.

दोन्हींवर सारखीच कमजोर असेल तर कार्ब्युरेटरवरचा संशय बराच कमी होतो. सामाईक गोष्टी तपासा. फक्त पेट्रोलवर दबत असेल तर कार्ब्युरेटर किंवा पेट्रोलचा पुरवठा. फक्त सीएनजीवर दबत असेल तर आधी प्लग आणि वायरी, मग गॅसची बाजू. गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते, म्हणून म्हातारे झालेले प्लग पेट्रोलवर कसेबसे चालतात आणि सीएनजीवर उघडे पडतात.

एक लक्षात ठेवा. गॅस हवेची थोडी जागा खातो, त्यामुळे अशा किटवर ताकद साधारण दहा टक्के कमी असणारच. तेवढा फरक हा बिघाड नाही. आणि सीएनजीच्या नळ्या, टाकी, व्हॉल्व्ह यांना घरी अजिबात हात लावू नका. त्यात २०० बारच्या आसपास दाब असतो. टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे ना, एवढंच आपण बघायचं.

डिंडोलीच्या मित्राला मी एवढंच करायला सांगितलं. रविवारी सकाळी त्याचं उत्तर आलं. सीएनजीवर गाडी बऱ्यापैकी चालते, पेट्रोलवर निघतानाच मरते, एकदा निघाली की चालते. मग कडोदऱ्याचाही उलगडा झाला. पप्पा रोज सीएनजीवर फिरतात, पण गावाला जाताना गाडी भरलेली असते म्हणून मुद्दाम पेट्रोलवर टाकतात. म्हणजे नेमक्या सगळ्यांत मोठ्या रस्त्यावर गाडी सगळ्यांत कमजोर इंधनावर होती.

निघतानाच मरते म्हणजे काय?

पेडल अचानक दाबलं की हवा लगेच आत घुसते. पेट्रोल हवेपेक्षा जड, ते मागे पडतं. तो एक क्षण भरून काढायला कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप असतो. पेडलबरोबर तो गळ्यात पेट्रोलची बारीक पिचकारी मारतो. पिचकारी नसेल तर त्या क्षणी इंजिनला नुसती हवा मिळते आणि गाडी दबते.

ही तपासणी डोळ्यांनी होते. गाडी थोडा वेळ पेट्रोलवर चालवून बंद करा आणि इंजिन गार होऊ द्या. एअर फिल्टरचं झाकण काढा. वर सीएनजीचा मिक्सर असेल तर तो मेकॅनिककडूनच काढून घ्या. जवळ आग, विडी-सिगारेट काही नको. आता हाताने लिव्हर झटकन फिरवा आणि गळ्यात बघा. लिव्हर हलल्याबरोबर स्वच्छ, सरळ धार दिसली पाहिजे. उशिरा आली, थेंब थेंब आली किंवा आलीच नाही, तर पंपाचा डायफ्रॅम कडक झालाय किंवा पिचकारीचं भोक बुजलंय.

त्याच्या गाडीत धार आलीच नाही. यात नवल नाही. वर्षानुवर्षं सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत कार्ब्युरेटरची वाटी कोरडी पडते. पेट्रोल उडून जातं, मागे चिकट राळ राहते, जेट बुजतात आणि रबराचा डायफ्रॅम वाळून कडक होतो. दुरुस्ती म्हणजे कार्ब्युरेटर उघडून साफ करणं आणि रिपेअर किट, म्हणजे डायफ्रॅम, गॅस्केट, नीडल वगैरे नवीन टाकणं. नव्या कार्ब्युरेटरच्या मानाने हे किट अगदी स्वस्त असतं. काम झाल्यावर त्याने पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये गाडी चालवून बघितली. दबणं गेलं होतं.

लक्षण दुसरं असेल तर

निघताना ठीक, पण चढावर मिनिटभरात दम सोडते आणि थोडं थांबलं की पुन्हा नीट होते, असं असेल तर पेट्रोल पुरत नाही. वाटीत जेवढं साठलंय तेवढ्यावर गाडी जाते, मग उपाशी पडते. नवापूरच्या पुढे कोंडाईबारीच्या घाटात हे हमखास कळतं. पेट्रोल फिल्टर, टाकीतली जाळी, इंजिनवरचा पंप आणि तडकलेली रबरी नळी बघा.

जागेवरच थरथरते आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी सूं सूं आवाज येतो, तर कुठून तरी जादा हवा शिरतेय. गॅस्केट आणि व्हॅक्यूमच्या नळ्या तपासा.

कुठल्याच वेगात जोर नाही, दोन्ही इंधनांवर नाही, तर आधी एअर फिल्टर उघडा. पांडेसरा, उधना भागात गाडी उभी असेल तर कापडाची तूस आणि धूळ फिल्टरवर थर धरते. मग प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक, काळा कोरडा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा इंजिन जास्त तापतंय. पावसाळी रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरींवर निळसर ठिणग्या दिसल्या तर वायरी बदला, पण हात लावू नका. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट असतील तर फट ०.४ ते ०.५ मिमी हवी.

शेवटी कॉम्प्रेशन. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. सीएनजीवर खूप चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू आपल्या बैठकीत रुतत जातात आणि टपेटची फट कमी होते. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि दाब निसटतो. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर आधी टपेट सेट करून पुन्हा मोजा. इंजिन उघडण्याचा निर्णय त्यानंतर.

घरातली पीयूसीची पावतीसुद्धा काढून बघा. २००० च्या आधीच्या चारचाकीला सीओची मर्यादा ३ टक्के आहे. सीओचा आकडा मर्यादेला टेकला असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. सीओ कमी पण एचसी जास्त असेल तर एखादा सिलिंडर मिसिंग करतोय. ही चाचणी गाडी जागेवर चालू ठेवून होते, म्हणून ती फक्त आयडलिंगबद्दल सांगते. पण तो पुरावा आपल्या कपाटात आधीच पडलेला असतो.

इथेनॉलचं काय?

हा प्रश्न हल्ली प्रत्येक जण विचारतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला साधारण ९. म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० ला साधारण साडेतेरा. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून हे ओळखते आणि इंधन थोडं वाढवते. कार्ब्युरेटरची भोकं पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेली, ती तेवढीच राहतात. त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं आणि निघतानाचं दबणं असेल तर ते जास्त जाणवतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि त्या काळच्या रबराला मानवत नाही.

म्हणून जेटची भोकं मोठी करायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. आयडलिंगचं मिश्रण नीट लावून घ्या, रबरी नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉल चालणाऱ्या प्रतीचे टाका, पावसाळ्यात टाकीत जुनं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका. सीएनजीवाल्यांनी आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं गाडी पेट्रोलवर चालवावी. कार्ब्युरेटर ओला राहिला की डायफ्रॅम टिकतो.

दुचाकीवाल्यांनी नाराज होऊ नये. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ येईपर्यंत आपल्या बहुतेक बाइक आणि स्कूटर कार्ब्युरेटरवरच होत्या. पद्धत तीच. फक्त ज्या कार्ब्युरेटरमध्ये व्हॅक्यूमने उचलला जाणारा पिस्टन असतो, त्यात वरचं रबर फाटलं तर गाडी निघते पण एका वेगापुढे जात नाही.

गॅरेजमध्ये काय म्हणायचं?

मेकॅनिकला ‘पिकअप नाही, बघून घ्या’ म्हटलं की तो त्याच्या अनुभवाने बदलाबदली करत सुटतो आणि बिल आपल्याला येतं. त्याऐवजी वही दाखवा. “काका, फक्त पेट्रोलवर दबते, निघतानाच दबते, ब्रेक आणि क्लच बघितलेत, पंपाची धार येत नाही.” उधना, लिंबायतच्या गॅरेजांत खानदेशातून आलेले जुने मिस्त्री भेटतात. कार्ब्युरेटर हाताळत आयुष्य गेलेली ही माणसं आता कमी होत चालली आहेत. असं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक आलं की त्यांनाही बरं वाटतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा आणि प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता पुन्हा चालवून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही.

आणि या सगळ्यानंतर कॉम्प्रेशन खरंच गेलेलं निघालं, पत्रा खालून गंजलेला निघाला, पंधरा वर्षांनंतरचं आरटीओचं नूतनीकरण जमणार नसेल, तर गाडी निरोपाला आली असं समजा. वडिलांना ते पटतं, फक्त कारण नीट दाखवावं लागतं. वहीतले आकडे समोर असले की घरात वाद होत नाही.

तपासणी करताना वडिलांना सोबत घ्या. गाडी पूर्वी कशी उचलायची, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

पुढच्या अंकात पावसाळ्याच्या तोंडावर वायपर, ब्रेक आणि टायर यांच्याबद्दल. प्रश्न पाठवताना गाडीचं साल, इंधन आणि ‘कधी’ हे तीनही नक्की लिहा.